हात कुणाचा आणलास

आमच्या घरातून आवाज येतो तो एकट्या ताईचा. मी घरी असलो तरी, नसलो तरी.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाराव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि तिचे कान गेले. पुढं चाळिशीनंतर डोळ्यांनीही हळूहळू अंग काढून घेतलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती बोलते ते तिसऱ्या मजल्यावरून थेट रस्त्यापर्यंत पोचतं. मी उत्तर देतो ते तिच्या तळहातावर, उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं, एकेक अक्षर काढून. त्यामुळे शेजाऱ्यांना आमचं भांडण अर्धंच ऐकू येतं. समोरच्या वहिनींना बरीच वर्षं वाटत होतं की मी फार शांत माणूस आहे. मी ताईच्या तळहातावर काय काय लिहितो ते त्यांनी वाचलं असतं, तर दुपारी ताईची चौकशी करायला त्या आमच्या दारात आल्या नसत्या.

शिरोरेघ आम्ही केव्हाच सोडून दिली. वेळ कुणाला आहे? जोडाक्षरंही अर्धीमुर्धी. 'जेवलीस का' साठी नुसता 'जे'. हसलो तर तिच्या मनगटावर दोन टिचक्या. संध्याकाळी मी कामावरून आलो की ती खिडकीजवळच्या खाटेवर हात पुढं करून बसलेली असायची. मी हातपाय धुऊन तिच्या उजव्या बाजूला बसायचो आणि दिवसाचा पाढा वाचायचो: बसमध्ये कोण भांडलं, फोरमनला कुणी टोपी घातली, भाजीवालीनं कुठली शिळी भेंडी माझ्या गळ्यात मारली. ती मोठमोठ्यानं प्रश्न विचारायची, हसायची, मला मूर्ख म्हणायची. जगात माझ्याशी इतकं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तिला तर जगच मी सांगेन तेवढं होतं. लग्न माझं झालं नाही. लोक म्हणतात ताईमुळे राहिलं. खरं तर ते माझ्या नाकावरच्या रागामुळे राहिलं, पण लोकांना ताईचं कारण जास्त आवडतं.

कारखान्यात मी ओतीव भाग घासतो. साच्यातून निघालेल्या लोखंडाच्या कडेला फाटे फुटलेले असतात, गाठी असतात, चिकटलेली वाळू असते. ते सगळं हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायचं. सत्तावीस वर्षं मी तेवढंच केलं. तिथं माझं खरं नाव कुणाला आठवत नाही. मला पक्कड म्हणतात, कारण माझ्या मुठीतलं मशीन कधी हललं नाही. खात्यात नवा माणूस आला की पहिला धडा मीच द्यायचो. "ढिलं धरलंस तर ते तुला नाचवेल. बोटांची हाडं दिसेपर्यंत आवळ." आणि तो आवळायचा. आमच्या खात्यातल्या चौदाही जणांच्या मुठी मी घडवल्या आहेत, असं मी अभिमानानं सांगायचो.

त्या धड्याचा पुढचा भाग मात्र कुणी मोठ्यानं बोलत नसे. थंडीच्या सकाळी बोटांची टोकं पांढरी पडायची, खडूसारखी. आधी करंगळीशेजारचं बोट, मग मधलं, मग पहिलं. अर्ध्या तासानं ती लाल व्हायची आणि अशा मुंग्या यायच्या की माणूस भिंतीवर हात आपटत बसे. त्याला आम्ही 'बोटं झोपली' म्हणायचो. कुणाची चार झोपत, कुणाची सहा. एका बुटक्यानं मागं डॉक्टरला हे खरं खरं सांगितलं होतं. त्याला उचलून पॅकिंगच्या खोलीत टाकलं. तिथं तो दिवसभर एकटाच खोकी चिकटवतो आणि जेवायला आला की आमच्या बाकावर त्याची जागा भरलेली असते. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला.

मागच्या थंडीच्या सुरुवातीला नव्या सेफ्टीवाल्या मॅडम आल्या. वय असेल तिशीचं, पायांत पुरुषी बूट, हातात एक छोटं यंत्र. ते त्यांनी माझ्या ग्राइंडरच्या मुठीला बांधलं आणि आकड्यांकडे बघून कपाळाला हात लावला. मग सगळ्यांना गोळा करून सांगितलं. मशीन दाबू नका, त्याचं काम त्याला करू द्या. आवळून धरलं की सगळी थरथर हातात शिरते, हलकं धरलं की कमी शिरते. झिजलेली, वाकडी फिरणारी चकती लगेच बदला. एका माणसाच्या हातात दिवसातून दोन तासांवर ग्राइंडर नको, आलटूनपालटून करा. जड मशीन वरून स्प्रिंगला टांगून मिळेल, मी मागणी टाकली आहे. हात गरम ठेवा. आम्ही मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळली होती, तिच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "यानं मूठ जाड झालीय. म्हणजे तुम्ही आणखी आवळता."

"मॅडम, मग बाळाला घेतात तसं घेऊ का?" मी विचारलं. चौदा जण हसले.

"तसंच घ्या," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. मला त्यांचा राग आला. सत्तावीस वर्षांचं काम या पोरीनं एका आकड्यात काढलं होतं.

घरी त्याच सुमारास ताईच्या कुरबुरी सुरू झाल्या होत्या. "काना राहिला." "हे 'व' आहे की 'ब'?" "अरे, अक्षर तळहातावर काढ, मनगटावर काय चाललंय तुझं?" मी पुन्हा लिहायचो. तिला पुन्हा कळायचं नाही. आपलं बोट नेमकं कुठं टेकलंय हे मलाच समजत नव्हतं, पण ते मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. एका संध्याकाळी तिनं चौथ्यांदा "काय?" विचारलं आणि माझं डोकं फिरलं. मी मोठमोठी अक्षरं काढून लिहिलं, 'तुझा तळहात बधिर झालाय.'

हे तिला बरोब्बर वाचता आलं.

तिनं हात मिटून मांडीवर घेतला. मग नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "असेल बाबा. वय झालं." दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी मी यायच्या आत तळहातांना तेल चोळू लागली. कोमट पाण्यात हात बुडवून बसू लागली. वहिनींना तिनं तांदळाचे दाणे ताटात पसरून द्यायला लावले आणि ती ते बोटांनी एकेक करून वेचायची, हाताला पुन्हा समज यावी म्हणून. मी दारातून हे बघायचो. मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी नेहमी करतो तेच केलं. मूग गिळून बसलो.

जानेवारीत तपासणीचा दिवस आला. बाहेरून डॉक्टर येणार, बोटं बघणार, प्रश्न विचारणार. या दिवसासाठी आमच्या खात्याची एक जुनी रीत आहे, हात शेकण्याची. भट्टीतून काढलेले भाग मागच्या फरशीवर निवायला ठेवलेले असतात. तपासणीच्या आधी सगळ्यांनी तिकडून एक चक्कर मारायची, कोमट झालेल्या एखाद्या भागावर दोन मिनिटं हात ठेवायचे, आणि गुलाबी बोटं घेऊन डॉक्टरसमोर उभं राहायचं. ही युक्ती कुणी काढली ठाऊक नाही, पण नव्या लोकांना ती मीच शिकवत आलो.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. माझी आठ बोटं झोपली होती. मी आणि लांब्या, म्हणजे खात्यातला माझा जुना सोबती, फरशीवर गेलो. मी एका पंपाच्या कवचावर उजवा हात टेकवला आणि त्याच्याकडे वळून मॅडमच्या चालीची नक्कल करू लागलो. लांब्या हसत होता. मग हसायचा थांबला.

"पक्कड," तो म्हणाला, "कसला वास येतोय रे?"

मी हात उचलला. पहिल्या आणि मधल्या बोटाची टोकं कवचालाच राहतात की काय असं वाटलं, इतकी ती चिकटली होती. ते कवच कोमट नव्हतं. नुकतंच काढलेलं होतं. मला काहीही कळलं नव्हतं. दुखणंसुद्धा नंतर आलं, ते मनगटाच्या बाजूनं, वाट चुकलेल्या पाहुण्यासारखं.

दवाखान्याच्या खोलीत कंपाउंडरनं दोन्ही बोटं औषधानं धुतली आणि जाड पट्टी बांधली. मॅडम दारात उभ्या होत्या.

"चटका कळला नाही तुम्हाला?"

"लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

"लक्ष नसलं तरी हात आपोआप उचलला जातो."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. पट्टी बघून डॉक्टरांनी नुसते प्रश्न विचारले होते. त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढं 'तक्रार नाही' असं लिहून झालं होतं, आणि खाली मी डाव्या हातानं सही केली होती.

संध्याकाळी घरी गेलो. ताई हात पुढं करून बसली होती, तळव्यांवर तेलाची चकाकी. उजवा हात निकामी, म्हणून मी तिच्या डाव्या बाजूला बसलो आणि डाव्या हाताच्या बोटानं लिहू लागलो. 'थोडं भाजलं' एवढंच लिहायचं होतं. अक्षरं उलटीपालटी, वेडीवाकडी येत होती. माझ्या अंगाला लोखंडाचा नेहमीचा वास नव्हता, औषधाचा होता. तिसऱ्या अक्षराला तिनं हात झटक्यानं मागं घेतला आणि ती भिंतीला टेकली.

"कोण आहे?" ती ओरडली. "कोण बसलंय इथं? माझा भाऊ कुठाय?"

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेलो तर तिनं तो झटकला. समोरच्या वहिनी धावत आल्या. मी त्यांना खुणेनंच थांबवलं आणि ताईचा हात धरून जबरदस्तीनं माझ्या तोंडावर ठेवला. तिची बोटं माझ्या भुवयांवरून, वाकड्या नाकावरून, दाढीच्या खुंटांवरून फिरली, कानाच्या पाळीपर्यंत गेली. तिचा श्वास हळूहळू खाली बसला.

"तूच आहेस," ती म्हणाली. "मग हा हात कुणाचा आणलास?"

वहिनी दारात हसल्या, कारण त्यांना ती थट्टा वाटली. मला हसू आलं नाही. मी पट्टी बांधलेला हात तिच्या हातात दिला. तिनं पट्टी अलगद चाचपली.

डाव्या हाताचं लिखाण तिला काही केल्या वाचता येईना. मग तिनंच तोड काढली. ती विचारणार, मी तिच्या हातावर दाबून उत्तर देणार. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. "दुखतं का?" दोनदा. "जेवलास का?" एकदा. "बसमध्ये गर्दी होती?" एकदा. मग ती विचार करत बसायची. जे तिला माहीतच नाही त्याबद्दल ती प्रश्न तरी काय विचारणार? पाचव्या दिवशी तिचे प्रश्न संपले. आम्ही दोघं खाटेवर नुसते बसलो. खालून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते आणि ते मला एकट्यालाच ऐकू येत होते. सत्तावीस वर्षं मी त्या खात्याच्या कल्लोळात काढली, पण इतका एकटा मी कधी नव्हतो. आणि माझ्या शेजारी ती तर माझ्याहून एकटी होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं ओकलो. किती बोटं, केव्हापासून, हात शेकण्याची रीत, सगळं. त्यांनी लिहून घेतलं. एकदा फक्त मान वर करून विचारलं, "शर्टाची बटणं लावता येतात?"

"वरचं येत नाही," मी म्हणालो. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. डॉक्टर पुन्हा आले, न सांगता आले, आणि सगळ्यांचे हात गार पाण्यात बुडवून बघितले. चौदापैकी अकरा जणांची बोटं पांढरी निघाली. खात्यात गहजब झाला. पण एकाच वेळी अकरा माणसं पॅकिंगमध्ये टाकता येत नाहीत, तेवढी खोकी कारखान्यात नाहीत. म्हणून मग जे आधीच करायला हवं होतं ते सुरू झालं. वरून स्प्रिंगा आल्या, मशीनं टांगली गेली. झिजलेल्या चकत्या फेकल्या. सायकलच्या ट्यूबा मॅडमनी स्वतः ब्लेडनं कापून काढल्या. दोन तास झाले की घंटा होते आणि ग्राइंडर दुसऱ्याच्या हातात जातो. माझ्या हातात तर आता तो कधीच येणार नाही. मी फिरत असतो आणि लोकांच्या मुठी बघत असतो. "सैल सोड," म्हणतो. "आणखी सैल." मीच आवळायला शिकवलेल्या मुठी मी एकेक करून उघडतोय.

जेवणाच्या बाकावर माझी जागा भरलेली असते. लांब्यासुद्धा सरकत नाही. एकदा तो म्हणाला, "तू स्वतःपुरतं बोलायचंस. आमची बोटं कशाला मोजलीस?" त्याच्या हातातला घास दोनदा सुटून डब्यात पडला होता. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी माझा डबा घेऊन पॅकिंगच्या खोलीत जातो. बुटक्या खोकं पुढं सरकवतो, त्यावर मी बसतो. तो फार बोलत नाही.

डॉक्टरांना मी शेवटी विचारलं, हे परत येणार का? त्यांनी सांगितलं की मशीन सुटल्यावर बोटं पांढरी पडणं हळूहळू कमी होईल. पण हाताची समज गेली आहे ती परत येईल असं मी म्हणणार नाही. फार उशीर केलात तुम्ही, असंही म्हणाले. भला माणूस असावा, कारण तो मान खाली घालून बोलला.

तीन आठवड्यांनी पट्टी सुटली. त्या संध्याकाळी मी हातपाय धुऊन ताईच्या उजव्या बाजूला बसलो. तिला नव्या कातडीचा तुकतुकीतपणा लागला तशी ती खूष झाली. "आता बोल," म्हणाली. "तीन आठवड्यांचं साठलंय तुझ्याकडं." तिनं तळहात पसरला.

मी डोळे फाडून बोटाकडे बघत लिहू लागलो. लिहायचं होतं, 'लांब्या बोलत नाही.' 'ल' जमला. पुढचा काना बोट घसरून तिच्या मनगटावर गेला, आणि बोट वर आहे की टेकलेलं आहे हे मला बघूनही कळेना. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं माझा हात हळूच बाजूला केला.

"थांब," ती म्हणाली, "माझ्याच हाताला समजत नाहीये. तेल लावते, मग लिही." आणि ती खाटेखालची बाटली चाचपू लागली.

मला ते सहन झालं नाही. मी तिच्या हातातून बाटली काढून घेतली. तिचा तळहात माझ्या दोन्ही हातांत धरला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि एकदाच दाबलं. हा ठीक आहे. मग माझी बोटं तिच्या मुठीत दिली आणि दोनदा दाबलं. ती वळली नाही, हलली नाही. मी पुन्हा तेच केलं. तिचा हात, एकदा. माझी बोटं, दोनदा.

"माझा हात बरा आहे?" तिनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला होता. शेजारी कुणाला ऐकू गेला नसेल.

मी एकदा दाबलं.

"आधीपासून?"

एकदा.

"तुला माहीत होतं?"

 याही प्रश्नाला मी एकदाच दाबलं. मला वाटलं ती आता हात काढून घेईल, आणि तिनं घेतला असता तर मी काहीही म्हणू शकलो नसतो. मी रडत होतो, पण तिला ते दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. आमच्या घरात रडण्याची हीच एक सोय आहे.

तिनं माझी चारही बोटं एकत्र केली आणि दोन्ही हातांत धरली. घट्ट धरली असावीत, कारण तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या.

"आत्ता मी धरलंय," ती म्हणाली. "कळतंय तुला?"

ती कशी बसली आहे, तिची मान कशी पुढं झुकली आहे, ते मला दिसत होतं. फक्त एकदा दाबलं असतं तर काम भागलं असतं. तिला खरंखोटं कळण्याचा काही मार्ग नव्हता, आणि मला खोटं बोलायची सत्तावीस वर्षांची सवय होती. मी दोनदा दाबलं.

 तिनं हात सोडला नाही.

"बरं," ती म्हणाली. "मला कळतंय. मी सांगत जाईन."